शाळा मुलांच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

'अंगणवाडी' हा शब्द आज भारताच्या जवळजवळ प्रत्येक गावात समजतो. हिंदीत तो थोडा वेगळा लिहिला जातो, दक्षिणेकडील भाषांत त्याचा उच्चार बदलतो; परंतु तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एकत्र बसवून खेळवणारी, खाऊ घालणारी आणि शिकवणारी वस्तीवरची जागा, हा त्याचा अर्थ सर्वत्र सारखाच आहे. शासकीय कागदपत्रांतून हा शब्द देशभर पोहोचण्याच्या तीस वर्षे आधी तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावात रुळला होता. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेण्याचा निर्णय १९४५ नंतरच्या त्या दिवसांत एका त्रेपन्न वर्षांच्या विदुषीने घेतला. त्या विदुषी म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे मुंबईच्या प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. त्यांनी उमाबाई या विधवेशी विवाह केला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा विवाह करणाऱ्या कुटुंबाला आप्तांचा आणि जातीचा रोष पत्करावा लागे. सुधारणेची किंमत घरातील प्रत्येकाला मोजावी लागते, हे ज्ञान ताराबाईंना पुस्तकातून मिळाले नव्हते. ज्या काळात मुलींनी मॅट्रिकपर्यंत पोहोचणेही अपवादात्मक होते, त्या काळात त्यांनी १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली.

पुढे अमरावतीचे वकील के. व्ही. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले आणि लहानग्या मुलीची जबाबदारी घेऊन ताराबाई स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्यांच्या आयुष्यातील हा अध्याय पुढे रत्नाकर मतकरी यांच्या 'घर तिघांचं हवं' या नाटकामुळे मराठी रंगभूमीवरही आला. ताराबाईंच्या कार्याचे मोल समजण्यासाठी त्या अध्यायाची फार चिकित्सा करण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. लहान मुलांच्या जगात त्यांनी प्रवेश केला, तो सुखवस्तू गृहिणीचा छंद म्हणून केलेला नव्हता. नोकरी ही त्यांची गरज होती.

ती नोकरी त्यांना राजकोट येथे मिळाली. स्त्री-शिक्षिका घडवणाऱ्या तेथील महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. पद मानाचे होते, वेतन निश्चित होते. असे असताना १९२३ च्या सुमारास ही नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या. नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीकडे ओढले गेले आणि वकिली सोडून बालशिक्षक झाले. सौराष्ट्रातील लोक त्यांना प्रेमाने मिशीवाली आई म्हणत. ताराबाई त्यांच्या सहकारी झाल्या आणि पुढील जवळजवळ दशकभर ही जोडी गुजराती बालशिक्षणाचा चेहरा बनली.

मराठी वाचकाला आज हे थोडे विसरल्यासारखे झाले आहे. ताराबाईंच्या कार्याचा पाया गुजरातीत घातला गेला. मूल हे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नसून स्वतंत्र व्यक्ती आहे. त्याला छडी, पाठांतर आणि बक्षीस या तिन्हींवाचून शिकता येते. हाताने वस्तू हाताळताना त्याची बुद्धी वाढते, ही सूत्रे भावनगरच्या टेकडीवरील बालमंदिरात रोज पारखली जात होती. मुले गोष्टी ऐकत, बडबडगीते म्हणत, मातीत खेळत, स्वतः झाडलोट करीत, नाटके बसवीत. माँटेसरी पद्धतीत गोष्टीला आणि कल्पनारम्यतेला फारसे स्थान नव्हते. गिजुभाई आणि ताराबाई यांनी मात्र भारतीय मुलासाठी लोककथा आणि लोकगीत यांना मध्यवर्ती ठेवले. परदेशी पद्धत जशीच्या तशी न घेण्याची ही सवय पुढे ताराबाईंच्या फार उपयोगी पडली.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे 'शिक्षण पत्रिका' हे मासिक प्रथम गुजरातीत आणि पुढे मराठीत व हिंदीतही निघू लागले. मराठी पत्रिकेचे संपादन ताराबाईंनी दीर्घकाळ केले. या अंकांतील त्यांचे लेखन मुख्यतः पालकांसाठी असे. मूल हट्ट का करते, ते खोटे का बोलते, त्याला मारल्याने नेमके काय घडते, अशा प्रश्नांवर मराठीत शांतपणे आणि शास्त्रीय दृष्टीने लिहिणारे त्या काळात थोडेच होते. 'बालकांचा हट्ट' आणि 'बालविकास व शिस्त' ही त्यांची पुस्तके याच चिंतनातून आलेली आहेत.

त्या मुंबईत परतल्यानंतर १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाला. बालमंदिराला जोडूनच शिक्षिकांना प्रशिक्षण देणारे अध्यापन मंदिर तेथे चालू लागले. दादरच्या मध्यमवर्गाने शिशुविहाराचे स्वागत केले. मुलांना शाळेत जाताना रडू येत नाही, हाच पालकांना चमत्कार वाटे. ताराबाईंचे नाव झाले. अनेक कार्यकर्त्यांचे आयुष्य अशा यशाच्या टप्प्यावर स्थिरावते आणि त्यात काही गैरही नसते.

ताराबाईंना मात्र या यशातील विसंगती खुपत होती. माँटेसरी यांनी १९०७ मध्ये आपले पहिले बालगृह उघडले, ते रोममधील सान लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत. आईवडील दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली मुले जिन्यांवर, अंगणात उंडारत. त्यांच्यासाठी ती पद्धत जन्माला आली. भारतात येईपर्यंत तिची साधने महाग झाली होती. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मोजून कापलेल्या पट्ट्या, वेगवेगळ्या जाडीचे दंडगोल, खरखरीत कागदाची अक्षरे ही सारी सामग्री विकत घेण्याची ऐपत असलेल्या शाळेत गरिबाचे मूल जाऊ शकत नव्हते. गरिबांसाठी निघालेली पद्धत श्रीमंतांच्या मुलांची मक्तेदारी बनत चालली होती. आणि देशातील बहुसंख्य मुले तर खेड्यांत होती, जेथे पहिलीच्या वर्गाच्या आधी मुलाला काही शिकवायचे असते ही कल्पनाच नव्हती.

याच सुमारास महात्मा गांधींच्या बुनियादी शिक्षणाची चर्चा देशात चालू होती. हा विचार सात वर्षांपुढील मुलांपासून सुरू होत असे. त्याआधीच्या वयाचे काय, हा प्रश्न उघडा होता. ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. परंतु या प्रश्नाचे उत्तर त्यांनी सभागृहात शोधण्याऐवजी गावात जाऊन शोधायचे ठरवले होते.

त्यासाठी निवडलेले गाव बोर्डी. डहाणू तालुक्यातील हे गाव आचार्य भिसे यांच्या शिक्षणकार्यामुळे आधीच ओळखले जात होते. १९४५ मध्ये संघाने येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी बोरिवली येथे कस्तुरबा स्मारक निधीच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. त्यात ताराबाईंची भेट पुण्याच्या हुजूरपागा शाळेतील एका शिक्षिकेशी झाली. मोरगावात जन्मलेल्या, तेराव्या वर्षी विवाह होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या आणि त्यानंतर जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ बोर्डीच्या कामासाठी तयार झाल्या. तेव्हापासून ताराबाईंच्या निधनापर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे, या दोघींचे काम वेगळे काढता येत नाही. कल्पना बहुधा ताराबाईंची असे. ती चिखलातून, उन्हातून घरोघर पोहोचवण्याचे कष्ट अनुताईंचे असत.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली म्हणून मुले येत नाहीत. आई शेतावर किंवा मजुरीला गेलेली, मुलाला आंघोळ घालायला कोणी नाही, अंगावर धड कपडा नाही. अशा मुलाला स्वच्छ बालवाडीच्या उंबरठ्याशी संकोच वाटतो. म्हणून दिवसाची सुरुवात घरोघर जाऊन मुलांना बोलावून आणण्यापासून आणि त्यांना न्हाऊ घालण्यापासून होऊ लागली. नखे कापणे, केस विंचरणे, खरजेवर औषध लावणे ही कामे शिक्षणाच्या आधीची तयारी समजली जात नसत. अभ्यासक्रमाचाच तो भाग होता, कारण आपल्या शरीराशी कोणीतरी मायेने वागते हा अनुभव अनेक मुलांना तेथे प्रथम येत होता.

दुसरी अडचण अधिक कठीण होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मुलांनी आपल्या मुलांशेजारी बसावे, हे गावातील अनेकांना मान्य नव्हते. आणि त्या वस्तीतील पालकही मुलांना गावात पाठवायला धजत नव्हते. अशा वेळी दोन सोपे मार्ग असतात. एक, विरोध करणाऱ्यांना उपदेश करून प्रसंगी बालवाडी बंद पाडून घेणे. दुसरा, जी मुले येतील त्यांच्यावर समाधान मानणे. ताराबाईंनी तिसरा मार्ग काढला. मध्यवर्ती बालवाडी सर्वांसाठी खुली ठेवून, थोडी साधने बरोबर घेतलेली शिक्षिका रोज ठरावीक वेळी वस्तीवर जाऊ लागली. एखाद्या घरापुढचे सारवलेले अंगण हाच वर्ग. आया, आज्या दारात बसून पाहू शकत. आपली मुले गातात, मोजतात, रंग ओळखतात हे त्यांना डोळ्यांनी दिसे. अंगणात भरणारी वाडी म्हणून ती अंगणवाडी. भीती मोडल्यावर मुलांची पावले हळूहळू मध्यवर्ती बालवाडीकडेही वळू लागली.

या मार्गावर एक आक्षेप घेता येतो. शाळा वस्तीत नेल्याने जातीची भिंत तशीच राहते, उलट तिला मान्यताच मिळते, असे कोणी म्हणू शकेल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु मुलाचे वय थांबत नाही. भिंत पडेपर्यंत वाट पाहिली असती तर त्या मुलांची चौथी, पाचवी, सहावी वर्षे निघून गेली असती, आणि ताराबाईंच्या विचाराप्रमाणे तीच वर्षे सर्वांत मोलाची होती.

साधनांचा प्रश्न बोर्डीच्या किनाऱ्याने सोडवला. शंख, शिंपले, वाळू, चिंचोके, बिया, पाने, माडाच्या झावळ्या, बांबू, माती यांतून रंग, आकार, वजन, स्पर्श आणि संख्या शिकवणारी साधने तयार झाली. लहानमोठ्या शिंपल्यांचा क्रम लावणाऱ्या मुलाला लाकडी दंडगोलांची उणीव भासण्याचे कारण नव्हते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ताराबाईंनी साधनांचा खर्च कमी केला, पद्धतीची शिस्त कमी केली नाही. कोणते साधन कोणत्या इंद्रियाच्या विकासासाठी, कोणत्या क्रमाने, किती वेळ, याचा विचार दादरमध्ये होई तितक्याच काटेकोरपणे बोर्डीत होई. गरिबाच्या मुलासाठी दुय्यम दर्जाचे शिक्षण चालेल ही समजूत त्यांना मान्य नव्हती. अप्रशिक्षित व्यक्तीने मुलांना नुसते सांभाळावे, हेही त्यांना पटत नसे. म्हणून बालवाडीबरोबर प्रशिक्षणवर्गही आले.

सुमारे बारा वर्षांनी, १९५७ मध्ये, केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंचे वय तेव्हा पासष्ट होते. निवृत्तीच्या वयात त्यांनी आयुष्यातील सर्वांत अवघड काम हाती घेतले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कोसबाडच्या भोवताली वारल्यांचे पाडे होते. जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्या कचाट्यात हा समाज पिढ्यान् पिढ्या अडकला होता. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. उठावाने मान ताठ झाली, परंतु पाटी-पेन्सिल पाड्यावर पोहोचायची होती.

सरकारी शाळा काही ठिकाणी होत्या. पटावर नावेही असत. मुले मात्र नसत, आणि त्याचा दोष आदिवासी पालकांच्या अज्ञानावर टाकून अधिकारी मोकळे होत. ताराबाई आणि अनुताई यांनी मुले का येत नाहीत याचा शोध मुलांच्या दिवसातून घेतला. सहा-सात वर्षांचा मुलगा सकाळी गुरे घेऊन रानात जातो. त्याने शाळेत बसायचे तर गुरे कोण राखणार? आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते. तिने शाळेत यायचे तर त्या बाळाला कोण सांभाळणार? पावसाळा संपताच गवतकापणीचा हंगाम येतो आणि घरेच्या घरे कामावर जातात. शाळेतील भाषा पुस्तकी मराठी, तर मुलाच्या ओठी वारली बोली. यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर हजेरीपटात नव्हते.

गुराख्यांच्या प्रश्नातून कुरणशाळा निघाली. मुले जेथे गुरे चारतात, त्या कुरणातच शिक्षक जाऊ लागला. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरे. गुरांची मोजणी हेच गणित, पानाफुलांची ओळख हेच निसर्गशास्त्र. जमिनीवर काडीने अक्षर काढता येई. एखादे गुरू शेतात घुसले तर मुलगा उठून पळत जाई आणि ते वळवून परत येऊन बसे. शाळेच्या नियमांच्या चौकटीत हे बसणारे नव्हते, पण मुलाच्या दिवसाच्या चौकटीत पूर्ण बसत होते. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालत.

कडेवरच्या बाळाच्या प्रश्नातून विकासवाडीचा विचार पुढे आला. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मुलगी बाळाला घेऊनच यावी, बाळ पाळणाघरात राहावे, मधले भावंड बालवाडीत जावे आणि तिने स्वतः वर्गात बसावे, अशी ही योजना होती. वरवर पाहता ती केवळ सोय वाटते. प्रत्यक्षात तीन वर्षांच्या मुलाचे शिक्षण आणि दहा वर्षांच्या मुलीचे शिक्षण हे दोन वेगळे विभाग नाहीत, एकाच घराचे ते प्रश्न आहेत, हे तिच्यामागचे निरीक्षण होते. मुलींच्या गळतीबद्दल आजही लिहिल्या जाणाऱ्या अहवालांत धाकट्या भावंडांचा सांभाळ हे कारण हमखास आढळते. कोसबाडला ते सहा दशकांपूर्वी कळले होते आणि त्यावर तेथे नुसता अहवाल लिहिला गेला नव्हता.

काम सुरळीत चालले असे समजू नये. पैशांची चणचण नित्याची होती. पाड्यांवर शहरी पोशाखातील माणसाबद्दल संशय असे. आजवर आलेला प्रत्येक परका काहीतरी घेऊनच गेला होता, तेव्हा तो संशय अनाठायी कसा म्हणावा? शिक्षिका मिळत नसत, मिळाल्या तरी टिकत नसत. वयपरत्वे ताराबाईंचे हिंडणे-फिरणे कमी होत गेले आणि पाड्यावरील भार अधिकाधिक अनुताईंवर पडला. तरीही प्रयोगांची आखणी, त्यांची टिपणे, शिक्षिकांचे प्रशिक्षण यांवरील ताराबाईंची नजर सुटली नाही. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवले.

याच काळात देशाचे मोठे आश्वासन मागे पडत होते. संविधानाच्या अनुच्छेद ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचा प्रयत्न राज्यसंस्थेवर सोपवला होता. ती मुदत १९६० मध्ये संपली. कोट्यवधी मुले शाळेबाहेरच राहिली. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, परंतु सहा वर्षांखालील मुले त्या हक्काच्या बाहेर राहिली. त्यांच्यासाठी राज्यसंस्थेने प्रयत्नशील राहावे, एवढेच सुधारित अनुच्छेद ४५ सांगतो. ताराबाईंनी ज्या वयासाठी आयुष्य वेचले, त्याच वयाचे शिक्षण कायद्याच्या हक्कात आजही पूर्णपणे आलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानून अंगणवाडीला शिक्षणाच्या रचनेत जागा दिली, ही त्या दिशेने पडलेली अलीकडची पावले होत.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या वस्तीपातळीवरील केंद्राचे नाव अंगणवाडी असे ठेवण्यात आले. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांचा भार वाहणाऱ्या अंगणवाडी सेविकेच्या वाट्याला शिकवण्याचा वेळ किती उरतो आणि त्यासाठी तिला प्रशिक्षण व मोबदला किती मिळतो, हा वादाचा विषय आहे. नाव देशभर गेले. शिंपल्यांचा क्रम लावण्यामागचा काटेकोरपणा तितक्या दूरवर गेला नाही.

कोसबाडला मात्र काम थांबले नाही. ताराबाईंच्या मागे अनुताई टेकडीवरच राहिल्या. पाड्यांवरील बालवाड्या, शिक्षिकांची शिबिरे आणि पत्रिकेचे अंक चालू राहिले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या निमित्ताने लिहिल्या गेलेल्या लेखांतून ताराबाईंचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले. १९९२ मध्ये अनुताईंचे निधन झाले; ते वर्ष ताराबाईंच्या जन्मशताब्दीचे होते.